टाइलमागची सही

टिचकी मिस्त्रीला राग यायला कारण लागत नाही, असं त्याच्याकडचे कारागीर म्हणत. ते खोटं होतं. कारण लागायचं, आणि ते बहुतेक वेळा भिंतीवर असायचं. दिवसाचं काम आटोपलं की मिस्त्री न्हाणीघरात शिरे, नखानं एकेका टाइलवर टिचकी मारत जाई आणि कान लावून ऐके. टाइल भरीव बसली असेल तर आवाज टणक आणि आखूड येतो. मागे हवा राहिली असेल तर ती बद्द वाजते. बद्द वाजली की मिस्त्री चकार शब्द न काढता छिन्नी उचलायचा आणि ती टाइल फोडायचा, मग ती कुणी का बसवलेली असेना. बोलायचा तो त्यानंतर, आणि ते शब्द छापण्याजोगे नाहीत.

पंधराव्या वर्षी तो मामाच्या हाताखाली या धंद्यात आला. मामा मारकुटा होता, पण नाहक मारायचा नाही. पहिली पोकळ टाइल निघाली तेव्हा पाठीत धपाटा घालून तो एवढंच म्हणाला होता, "गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून काय झालं? तुला ऐकू येतं ना?" त्यानंतर सदतीस वर्षं मिस्त्री ऐकतच आला. गुडघे गेले, कंबर गेली, कान मात्र शाबूत राहिले. या सगळ्यातून त्यानं एकच गोष्ट स्वतःच्या नावावर केली होती: एक गाळा. आत टाइल कापायची दोन यंत्रं, भिंतीला लोखंडी फळ्या आणि दारापाशी एक टेबल. टेबलावर त्याची बायको बसायची. लग्नाआधी ती एका वखारीत कारकून होती. अक्षर मोत्यासारखं आणि नजर घारीची. बिलं तीच करायची.

सहा मजल्यांच्या त्या इमारतीचं काम मिळालं तेव्हा करारनाम्याची तीस पानं आली होती. मिस्त्रीनं तिसांवर सह्या ठोकल्या आणि एकही पान वाचलं नाही. बायकोनं तीसही वाचली.

"अहो, एकोणिसावं कलम ऐका. लेखी हुकूम नसेल तर जादा कामाचे पैसे मिळणार नाहीत, असं लिहिलंय."

"साइटवर कागद कोण मागतं? इंजिनिअर भिंतीवर लिहितो. ते लेखीच झालं की."

यात त्याचं काही जगावेगळं नव्हतं, सगळाच धंदा तसा चालतो. टाइल लागायच्या आधी प्लास्टरची उघडी भिंत म्हणजे साइटची वही. सुताराच्या जाड पेन्सिलीनं तिच्यावर मापं लिहायची, बदल लिहायचे, इंजिनिअरनं खाली सही आणि तारीख टाकायची. त्याबरहुकूम काम होतं. कागद मागून येतो, म्हणजे यायला हवा. तोवर सहीवर टाइल बसलेली असते, आणि आपण आपल्या हातानं आपला पुरावा भिंतीत चिणलाय हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. इतका शहाणपणा या एका धंद्यातच सापडेल.

त्या साइटवरच्या इंजिनिअरला सगळे पाठीमागे नंतरसाहेब म्हणत. कोवळा होता, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि काहीही विचारलं तरी 'नंतर बघू' म्हणायचा. कराराप्रमाणे न्हाणीघरांना सात फुटांपर्यंत टाइल लावायची होती. नमुन्याचा फ्लॅट बघून कंपनीच्या मोठ्या साहेबांना वाटलं की छतापर्यंत लावलेली बरी दिसेल. साहेबांना वाटलं, संपलं. सहा मजले, मजल्यावर आठ न्हाणीघरं, आणि काम जवळजवळ दीडपट. नंतरसाहेबानं प्रत्येक मजल्यावर पहिल्या न्हाणीघराच्या भिंतीवर लिहिलं, "या मजल्यावर आठही ठिकाणी छतापर्यंत. जादा काम, ठरलेल्या दराने." खाली झोकदार सही, तारीख.

"साहेब, कागद?"

"इथे लिहिलंय ना? कागद नंतर देतो. काम थांबवू नका."

फोटो काढून ठेवावा, तर कामगारांचे फोन फाटकावरच्या डब्यात जमा. आत फोटो काढायला बंदी, कंपनीचा नियम. मिस्त्रीनं आपल्या डायरीत उतरवून घेतलं, पण डायरीत सही कुठून येणार? आणि काम कसं थांबवणार? नऊ कारागीर रोजावर होते. ते टाइल लावत गेले आणि मिस्त्री त्यांची मजुरी देत गेला. स्वतःचे पैसे संपले तेव्हा त्यानं गाळा पतपेढीकडे गहाण टाकला. कंपनी मोठी आहे, तिचे पैसे बुडत नाहीत, असं तो बायकोला म्हणाला. बायकोनं नुसती हप्त्याची तारीख वहीत लिहिली. हे त्याला जास्त लागलं, पण तेव्हा रागवायला सवड नव्हती.

काम संपलं, बिल गेलं, आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जादा कामाचा लेखी हुकूम जोडलेला नाही, सबब कलम एकोणीसप्रमाणे रक्कम नामंजूर. मिस्त्री तडक साइटवर गेला. नंतरसाहेब दुसऱ्या साइटवर गेला होता. तिथे गेला, तर साहेब मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या दिवशी तो जिन्यातच सापडला.

"साहेब, तुम्ही भिंतीवर लिहिलं होतं ना?"

"मला तसं काही आठवत नाही, मिस्त्री."

"सहा भिंतींवर लिहिलं. सहा वेळा सही केली."

"असेल तर दाखवा ना," असं म्हणून तो जिना उतरून गेला.

दाखवा म्हणे! गरज सरो, वैद्य मरो. छतापर्यंत गेलेली टाइल सगळ्या जगाला दिसत होती, फ्लॅटच्या जाहिरातीत तिचा फोटो होता, त्या फोटोवर फ्लॅट विकले जात होते. ती टाइल काय आपल्या पायांनी भिंत चढून गेली? पण कायद्याचा प्रश्न टाइल लागली का हा नव्हता. लावायला कुणी लेखी सांगितलं, एवढाच होता.

बायकोनं वकील शोधली. साधी बाई होती, कमी बोलायची, फी हप्त्यानं घ्यायची. तिनं नोटीस पाठवली, मग प्रकरण लवादाकडे गेलं. लवाद म्हणजे करारातच ठरवून ठेवलेला पंच. दोघांचं ऐकून तो निवाडा देतो आणि तो दोघांवर बंधनकारक असतो. इथे तो एक निवृत्त इंजिनिअर होता, जाड चष्म्याचा. मिस्त्रीला वाटलं, साइट पाहिलेला माणूस आहे, दोन मिनिटांत ओळखेल. दोन मिनिटांचे आठ महिने झाले.

त्या आठ महिन्यांत कंपनीनं काय करावं? उलटा दावा लावला. म्हणे मिस्त्रीचं कामच कच्चं आहे, टाइल्स पोकळ आहेत, तेव्हा जादा कामाचं राहू द्या, पण बिलांतून कापून ठेवलेलं डिपॉझिटसुद्धा परत मिळणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. सोबत कुणा तज्ज्ञाचा अहवाल होता. त्या गृहस्थानं इमारतभर हिंडून चाळीस टाइल्सवर लाल खडूनं गोल काढले होते आणि प्रत्येकीपुढे लिहिलं होतं, पोकळ.

जादा कामाच्या पैशाबद्दल मिस्त्री चिडला होता. हे वाचल्यावर मात्र तो चिडलाही नाही. तो गाळ्यात जाऊन यंत्राजवळ उभा राहिला. सदतीस वर्षांत कुणी त्याच्या टाइलला पोकळ म्हटलं नव्हतं. त्याच दिवशी वकीलबाईकडे जाऊन त्यानं प्रतिज्ञापत्र केलं, की मी बसवलेली किंवा माझ्या देखरेखीखाली बसलेली एकही टाइल पोकळ नाही. सही करताना पेनानं कागद फाटेल की काय असं बाईंना वाटलं.

नंतरसाहेबाचंही प्रतिज्ञापत्र आलं. मी कोणत्याही भिंतीवर काहीही लिहिलेलं नाही.

मग वकीलबाईंनी अर्ज केला, की एक भिंत उघडून बघा. लवादानं मान्य केला. चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट अजून कंपनीकडेच होता, त्या मजल्यावरचं पहिलं न्हाणीघर त्यातच होतं, ते ठरलं. सगळे जमले: लवाद, दोन्ही वकील, नंतरसाहेब आणि मिस्त्री. कंपनीच्या वकिलानं बुटांवर धूळ नको म्हणून पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. सही कुठे होती हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं: दारातून शिरल्यावर डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. लवादानं सांगितलं, तुम्हीच काढा. त्यानं सांधे कापले, कडेनं छिन्नी घातली, हलक्या हातानं ठोकली. टाइल हलेना. जोर लावला तेव्हा तिचा कोपरा उडाला. मग ती तुकड्यातुकड्यांनी निघाली, आणि प्रत्येक तुकड्यामागे प्लास्टरचा थर चिकटून आला. शेवटी भिंतीवर विटा दिसायला लागल्या आणि जमिनीवर ढिगारा पडला. त्या ढिगाऱ्यात पेन्सिलीच्या काळ्या रेघा होत्या, पण ते अक्षर आहे की ओरखडा, हे देवालाही सांगता आलं नसतं.

"कोणताही मजकूर आढळला नाही," कंपनीच्या वकिलानं सांगितलं आणि लवादाच्या कारकुनानं ते लिहून घेतलं.

मिस्त्री त्या ढिगाऱ्याकडे बघत राहिला. त्यानं भेसळ केली असती, टाइलमागे सिमेंटचा माल कमी भरला असता, घाईघाईत चार ठिपके लावून टाइल चिकटवली असती, तर ती आज पापडासारखी सुटून आली असती आणि मागे सही जशीच्या तशी मिळाली असती. चांगलं काम केलं म्हणून पुरावा गेला. कुणाच्या कानाखाली वाजवावी हे न कळल्यामुळे त्यानं हातातली छिन्नी खिडकीतून खाली फेकली. खाली कुणी नव्हतं, हे नशीब.

आणि वर पतपेढीची नोटीस. दोन महिन्यांत कर्ज फिटलं नाही तर गाळ्याचा लिलाव.

त्या आठवड्यात एका दुपारी बायको टेबलाशी बसून तज्ज्ञाचा अहवाल पुन्हा वाचत होती. मिस्त्री यंत्र पुसत होता. काम नव्हतं, पण पुसत होता. ती एकेक नोंद मोठ्यानं वाचत होती, मजला, खोली, भिंत, आणि तो प्रत्येकीला शिवी हासडत होता.

"सदतीस. सहावा मजला, पहिलं न्हाणीघर, दाराच्या डाव्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर."

शिवी आली नाही. बायकोनं वर पाहिलं.

"काय झालं हो?"

मिस्त्रीनं फडकं खाली ठेवलं. तो विसरला नव्हता. आठवायचं टाळत होता, इतकंच. सहाव्या मजल्यावर ती सही झाकायची वेळ आली तेव्हा टाइलच्या पाठीला माल लावून तो भिंतीसमोर उभा राहिला होता आणि एकाएकी त्याला कळलं होतं: ही शेवटची सही, हिच्यावर टाइल बसली की आपल्या हातात काही नाही. माल लावलेली टाइल तशीच जमिनीवर टेकवून तो सहा मजले उतरला आणि नंतरसाहेबाला गाठून म्हणाला, आज कागद द्याच. साहेब फोनवर होते. अर्धा तास उभं करून ते म्हणाले, नंतर. मिस्त्री दातओठ खात सहा मजले चढला, आणि तोवर टाइलमागचा माल वरून सुकून गेला होता. तो खरवडून नवा लावायला हवा होता, पण रागाच्या भरात त्यानं ती तशीच दाबून दिली. आजूबाजूच्या टाइल्सनी धरून ठेवली, एवढंच. संध्याकाळी त्यानं सगळ्या भिंती वाजवल्या, ती एक टाइल सोडून.

"म्हणजे ती खरंच पोकळ आहे," बायको म्हणाली.

"चाळीसातली ती एक खरी आहे. मीच बसवली."

बायको खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. "अहो, मग सही तिथे शाबूत असेल."

"असेल. आणि मी शपथेवर लिहून दिलंय की एकही पोकळ नाही."

वकीलबाईंनीही तेच सांगितलं. एक पोकळ आहे असं कबूल केलंत, तर ते म्हणतील शपथ खोटी, मग उरलेल्या एकोणचाळीस टाइल्सबद्दल तुमचं कोण मानणार? मागे काही मिळालं नाही, तर जादा कामाचे पैसेही गेले आणि डिपॉझिटही. गाळा तर जाईलच. "न सांगता नुसतं 'ती उघडा' म्हणता येईल," बाई म्हणाल्या. मिस्त्रीनं ऐकून घेतलं. सुनावणीला उभं राहिल्यावर मात्र तो बाईंकडे बघून बोललाच नाही, थेट लवादाशी बोलला.

"साहेब, यांचा तज्ज्ञ म्हणतो चाळीस टाइल्स पोकळ आहेत. पोकळ टाइल अख्खी निघते, भरीव फुटून निघते. तुम्ही पोरवयापासून साइटवर आहात, तुम्हाला मी काय सांगू? सगळ्या चाळीस काढून बघा. एकोणचाळीस फुटतील. सदतीस नंबरची फुटणार नाही. ती मी बसवली, माल सुकल्यावर बसवली, आणि मला माहीत होतं. शपथेवर मी खोटं लिहिलं. त्याची काय शिक्षा असेल ती द्या."

कंपनीचा वकील उठून म्हणाला की ही तर कबुलीच झाली, आता तपासणीची गरजच नाही. लवादानं चष्मा काढून पुसला.

"तुमच्याच अहवालात सदतीस नंबर आहे. एक तर अहवाल मागे घ्या, नाहीतर टाइल उघडू द्या."

वकिलानं नंतरसाहेबाकडे पाहिलं. नंतरसाहेबानं चौथ्या मजल्यावरचा ढिगारा पाहिला होता. त्यानं मान हलवली: उघडू द्या, काही निघत नाही.

सहाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त टायपिस्ट बाई राहायच्या. त्यांनी न्हाणीघरातली बादली, तांब्या आणि साबण बाहेर आणून ठेवला आणि दारात खुर्ची टाकून बसल्या. "फोडा, पण परत बसवून द्यायची. आणि या वेळी नीट," त्या म्हणाल्या. मिस्त्रीची कानशिलं तापली. कारण बोलणं खरं होतं.

आधी लवादानं बाकीच्या लाल गोलांपैकी पाच टाइल्स निवडून उघडायला लावल्या. पाचही फुटून, प्लास्टर घेऊन निघाल्या. मग सदतीस. मिस्त्रीनं सांधे कापले, कडेला पातळ पट्टी सरकवली, आणि टाइल त्याच्या तळहातावर आली. अख्खी. मागचा माल सुकून तिलाच चिकटलेला होता. भिंतीवर प्लास्टर कोरं करकरीत, आणि त्यावर जाड पेन्सिलीनं, "या मजल्यावर आठही ठिकाणी छतापर्यंत. जादा काम, ठरलेल्या दराने." खाली झोकदार सही, तारीख.

टायपिस्ट बाईंनी खुर्चीतूनच मोठ्यानं वाचून दाखवलं, शब्द न् शब्द.

"ही सही कुणाची?" लवादानं विचारलं.

नंतरसाहेबानं ओठांवरून जीभ फिरवली. "मी नंतर बघून सांगतो."

"नंतर नाही. आत्ता."

"माझी आहे."

निवाडा महिन्याभरात आला. बायकोनं गाळ्यात, सगळ्या कारागिरांसमोर वाचला. एका भिंतीबद्दल इंजिनिअर खोटं बोलला, तर बाकी पाचांबद्दलही त्याचं मानता येत नाही, म्हणून सहाही मजल्यांचं जादा काम मान्य, व्याजासह. कंपनीचा उलटा दावा फेटाळला. डिपॉझिट परत. प्रतिज्ञापत्रातल्या खोट्या विधानाबद्दल मिस्त्रीवर ताशेरे, आणि बिलातून एका टाइलची मजुरी वजा, सहावा मजला, काम सदोष. नंतरसाहेबाचं पुढे काय झालं ते निवाड्यात नव्हतं. काही झालं नसावं. मिस्त्री ताशेऱ्यांच्या ओळीला मान खाली घालून बसला होता. एका टाइलची मजुरी कापली तेव्हा मात्र म्हणाला, "ते बरोबर केलं."

गाळा वाचला. कुणीतरी चहा सांगितला. कारागिरांचे चेहरे फुलले होते, नऊजण वर्षभरानं मोकळेपणी हसत होते. त्यांच्यातला सगळ्यात जुना, वीस वर्षं मिस्त्रीच्या शिव्या खाल्लेला, चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "मिस्त्री, एक शिकलो बघा. यापुढे सहीवरची टाइल पोकळच बसवायची."

सगळे हसले. मिस्त्रीही हसणार होता.

"हसता काय?" जुना म्हणाला. "परवा तुम्ही वाजवायला आला नाहीत, तेव्हा मी आपल्या नव्या साइटवर बसवलीसुद्धा. तिथला साहेबही कागद देत नाही."

मिस्त्रीनं कप टेबलावर आपटला. चहा निवाड्यावर सांडला आणि बायकोनं कागद झटकन उचलला.

"माझ्या कामात? माझ्या नावावर?"

"मग काय करायचं होतं? तुम्हीच वाचलात ना तसे?"

"कागद मागायचा. मिळाला नाही तर काम बंद ठेवायचं."

"बंद ठेवलं तर दुसरा मिस्त्री येईल. त्याच्या सगळ्याच टाइल्स पोकळ असतील, आणि पैसे त्याला मिळतील."

हे खरं होतं. मिस्त्रीला कंपनीचा राग आला होता, नंतरसाहेबाचा आला होता, त्या पिशव्यावाल्या वकिलाचा आला होता. पण आत्ता समोरचा माणूस चुकीचं बोलत नाही याचा जेवढा आला, तेवढा कशाचाच आला नव्हता. नऊजण त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"येऊ दे दुसरा," तो शेवटी म्हणाला. "तू उद्या सकाळी जाऊन ती टाइल काढ. नीट माल लावून परत बसव. दुपारी मी येणार आहे वाजवायला."